एकच फाइल, तीन कागद, तीन रंग: कलर प्रोफाइल आणि नेटवर्क प्रिंटिंगचं कोडं

लग्नपत्रिकेची फाइल एकच. आर्ट कार्डवर कुंकवाचा लाल हवा तसा येतो. तीच फाइल टेक्श्चर कागदावर काढली की लाल विटकरी दिसतो. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून त्याच मशिनला पाठवली तर सगळ्या पानावर गुलाबी झाक येते. मशिन तेच, टोनर तोच, फाइलही तीच. गिऱ्हाईक विचारतं, "मागच्या वेळी बरोबर आलं होतं, मग आज काय झालं?" त्याला देण्यासारखं उत्तर दुकानातल्या कुणाकडेच नसतं. मग ऑपरेटर मॅजेंटा थोडा कमी करतो, यलो थोडा वाढवतो आणि चारपाच कार्डं वाया घालवून अंदाजानं जमवतो. पुढच्या कागदाला पुन्हा तेच.

या अंदाजपंचे कारभारावर चांगला उपाय आहे, आणि तो समजायला अवघडही नाही. आत्ता तो समजून घेण्याला एक जादा कारण आहे. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर (कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला कळवणारे प्रोग्राम) विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं बंद होईल आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरला प्राधान्य मिळेल. रंग आणि कागदाच्या ज्या खास सेटिंग आजवर ड्रायव्हरच्या खिडकीत बसवून ठेवल्या होत्या, त्यांना आता दुसरी, पक्की जागा शोधावी लागणार आहे. ती जागा कोणती, हे ठरवायचं तर रंग फाइलपासून कागदापर्यंत कसा पोचतो ते आधी पाहायला हवं.

## आकडा म्हणजे रंग नव्हे

कोरल ड्रॉमध्ये मॅजेंटा १००, यलो १०० टाकलं की लाल मिळतो, हे डीटीपीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण या आकड्यांत रंग नसतो. मशिननं कोणती शाई किती ओतायची, एवढाच हुकूम त्यांत असतो. तो हुकूम आर्ट पेपरवर पाळला की झळझळीत लाल दिसतो आणि वर्तमानपत्राच्या कागदावर पाळला की मळका. स्क्रीनचंही तसंच आहे. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश ० ते २५५ या आकड्यांनी कमीजास्त होतात, पण दोन कंपन्यांच्या मॉनिटरवर तोच आकडा दोन वेगळे रंग दाखवतो.

मग डोळ्याला दिसणारा रंग सांगायचा तरी कसा? प्रकाश आणि रंगाची मोजमापं ठरवणाऱ्या सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगानं १९३१ मध्ये माणसाच्या डोळ्यावर आधारलेली मोजणी ठरवली आणि १९७६ मध्ये तिच्यातून 'लॅब' ही पद्धत काढली. तिच्यात तीन आकडे असतात. पहिला उजळपणाचा, दुसरा हिरव्याकडून लालकडे जाणारा, तिसरा निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा. हे आकडे कुठल्याही मशिनचे नाहीत, दिसण्याचे आहेत. दोन रंगांतला फरकही यावरून मोजता येतो. त्याला डेल्टा ई म्हणतात. हा फरक १ च्या आसपास असेल तर तो डोळ्याला जेमतेम कळतो, ५ असेल तर गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवतं.

## प्रोफाइल म्हणजे काय

मशिनचा कोणता हुकूम लॅबमधल्या कोणत्या रंगाला जुळतो, याचा तक्ता म्हणजे कलर प्रोफाइल. ती एक छोटी फाइल असते. १९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, ॲग्फा अशा कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केली आणि या फाइलचा एक सामाईक साचा ठरवला. म्हणून तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात, आणि तीच फाइल विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते.

प्रिंटरचं प्रोफाइल कसं बनतं, हे एकदा नीट पाहिलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. रंगांच्या चौकटींचा एक तक्ता छापायचा. छपाई उद्योगात रूढ असलेल्या आयटी ८.७/४ या तक्त्यात १६१७ चौकटी आहेत. छापताना रंगांची सगळी दुरुस्ती बंद ठेवायची, म्हणजे मशीन मुळात कसं छापतं ते दिसतं. शाई वाळू द्यायची. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या उपकरणानं एकेक चौकट वाचायची. हे उपकरण कागदावरून परत आलेला प्रकाश मोजतं. कोणत्या हुकुमाला कोणता रंग आला, हे सॉफ्टवेअर नोंदतं आणि त्यावरून उलटा तक्ताही मांडतं: अमुक रंग हवा असेल तर किती शाई द्यायची.

मोजलं काय गेलं, ते ध्यानात घ्या. त्या दिवशी, त्या टोनरनं, *त्या कागदावर* छापलेला ठसा मोजला गेला. म्हणजे प्रोफाइल एकट्या प्रिंटरचं नसतं, प्रिंटर आणि कागद या जोडीचं असतं. चष्म्याच्या नंबरासारखंच. तपासणी एका डोळ्याची केली तर नंबर त्याच डोळ्याला लागू पडतो, दुसऱ्या डोळ्याला वेगळा लागतो. दोघांना एकच भिंग लावलं तर एकाला धूसर दिसणारच. एकावर एक दोन चष्मे घातले तर काय होतं, ते पुढे नेटवर्कच्या भागात येईलच.

## कागदानं एवढा काय फरक पडतो?

कागदाचा पांढरा हाच छपाईतला सगळ्यात उजळ रंग असतो. त्याहून उजळ काही छापता येत नाही. मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा बिनलेपाचा कागद, किंचित पिवळसर असेल तर फोटोतल्या शुभ्र धोतरालाही तोच पिवळेपणा येतो. उलट, बऱ्याच झगझगीत पांढऱ्या कागदांत उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतं. असा कागद उन्हात निळसर-पांढरा दिसतो आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली साधा.

दुसरी गोष्ट म्हणजे शाई शोषण्याची. लेप दिलेल्या आर्ट पेपरवर शाई वर राहते. बिनलेपाच्या कागदात ती मुरते, ठिपका पसरतो, रंग गडद आणि तरीही निस्तेज होतो. सायन, मॅजेंटा, यलो आणि काळी या छपाईच्या चारही शाया पूर्ण दिल्या तर बेरीज ४०० टक्के होते. एवढी शाई कुठलाही कागद सहन करत नाही. चांगल्या आर्ट पेपरवर ऑफसेटमध्ये ३०० ते ३३० टक्क्यांपर्यंत जाता येतं, वर्तमानपत्राच्या कागदावर साधारण २४० च्या पुढे गेलं की शाई मागच्या पानाला लागते. ही मर्यादा प्रोफाइलमध्येच बसवलेली असते. म्हणून आर्ट पेपरचं प्रोफाइल लावून मॅपलिथोवर छापलं की काळोखे भाग नुसते गिचमिड होतात आणि फोटोतले काळे केस म्हणजे एक सपाट डाग दिसतो.

## 'पेपर टाइप' ही नुसती चिठ्ठी नाही

मला वाटतं, सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. प्रिंटरच्या यादीतून प्लेन, थिक, ग्लॉसी असं काहीतरी निवडायचं असतं. पुष्कळ जण जे समोर असेल ते ठेवतात, कारण छापून तर येतंच.

पण त्या एका नावामागे सेटिंगचं सबंध गाठोडं असतं. टोनरच्या मशिनमध्ये कागदाच्या जीएसएमनुसार, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनानुसार, टोनर वितळवून कागदावर बसवणारा फ्यूजर किती तापवायचा, कागद कोणत्या वेगानं सोडायचा, टोनर कागदावर ओढून घ्यायला किती व्होल्टेज द्यायचं, हे ठरतं. ३०० जीएसएमचं कार्ड 'प्लेन' म्हणून घातलं तर टोनर नीट वितळत नाही आणि घडीवर पापुद्रा निघतो. इंकजेटमध्ये शाई किती सोडायची, हेड कागदापासून किती वर ठेवायचं, दोन फेऱ्यांमध्ये वाळायला किती थांबायचं, कागद खालून किती जोरानं खेचून धरायचा आणि दर फेरीला किती पुढे सरकवायचा, हे सगळं त्या एका नावात असतं. सरकवणं चुकलं की आडव्या रेघा दिसतात.

यादीत आपला कागद नसेल तर स्वतःचा कागद नोंदवता येतो. त्यालाच कस्टम पेपर टाइप म्हणतात. मोठ्या डिजिटल मशिनवर ही सोय पेपर कॅटलॉग किंवा कस्टम पेपर अशा नावानं असते, कॅननच्या मोठ्या इंकजेटसाठी मीडिया कॉन्फिगरेशन टूल आहे, एचपीच्या डिझाइनजेटमध्ये पेपर प्रीसेट आहेत. पद्धत सगळीकडे जवळजवळ सारखी. आपल्या कागदाला सगळ्यात जवळचा तयार प्रकार घ्यायचा, त्याची नक्कल करायची, जीएसएम आणि जाडी खरी भरायची, चारदोन पानं काढून फ्यूजर, शाईचं प्रमाण आणि सरकवणं जमवायचं, मग नवं नाव देऊन साठवायचं.

नावाबद्दल थोडा आग्रह धरतो. 'न्यू पेपर २' किंवा 'शेठचा कागद' असली नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. कंपनी, कागदाचा प्रकार, जीएसएम, पृष्ठभाग आणि नोंदणीचा महिना एवढं नावात असावं, आणि प्रोफाइलच्या फाइललाही अगदी तेच नाव द्यावं. मग जोडी तुटत नाही.

## क्रम बदलला तर सगळं पुन्हा

आधी कागदाची नोंद, मग कॅलिब्रेशन, मग प्रोफाइल. हा क्रम सोयीपुरता नाही. कॅलिब्रेशन म्हणजे मशिनला एका ठरलेल्या स्थितीत परत आणणं. टोनर कागदावर उमटवणारा ड्रम जुना झाला, टोनर बदलला, हवा बदलली की मशीन हळूहळू त्या स्थितीतून सरकतं. प्रोफाइल त्या ठरलेल्या स्थितीचं वर्णन करतं. म्हणून कॅलिब्रेशन वारंवार करायचं, मोठ्या मशिनवर रोज सकाळी, आणि प्रोफाइल क्वचित बनवायचं. पण प्रोफाइल बनवल्यावर कुणी कागदाच्या नोंदीतलं शाईचं प्रमाण किंवा फ्यूजरचं तापमान बदललं, तर ते प्रोफाइल त्या क्षणी शिळं झालं. ज्या नोंदीवर प्रोफाइल बनलंय, तिला पासवर्डचं कुलूप लावायची सोय असेल तर जरूर लावावी.

इंकजेटचं शाई सोडणारं नोझल तुंबलेलं असेल, ड्रमवर चरा असेल, तर ते आधी दुरुस्त करायचं. बिघाड झालेल्या मशिनचं प्रोफाइल बनवलं तर तो बिघाडच तक्त्यात कायमचा नोंदला जातो.

## नेटवर्कवर घोळ नेमका कुठे होतो

एकच कॉम्प्युटर, एकच प्रिंटर असेल तोवर वरचं सगळं सांभाळता येतं. पाच जण पाच टेबलांवरून छापायला लागले की खरी परीक्षा.

फाइल कागदापर्यंत पोचताना साधारण चार ठिकाणांहून जाते. पहिलं, ज्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट दिली ते: फोटोशॉप, कोरल, ॲक्रोबॅट. दुसरं, कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यातला ड्रायव्हर. तिसरं, सर्व्हर किंवा रिप. रिप म्हणजे पानाचं वर्णन वाचून त्याचे छापायचे ठिपके बनवणारी यंत्रणा; मोठ्या डिजिटल मशिनला जोडलेला फायरी हा तिचा परिचित नमुना. चौथं, प्रिंटरचं स्वतःचं आतलं डोकं. रंग बदलायची ताकद या चारही ठिकाणी आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की ते काम आपलंच.

सॉफ्टवेअरनं प्रोफाइल लावून रंग बदलले, आणि पुढे ड्रायव्हरनंही तीच दुरुस्ती पुन्हा केली, म्हणजे एका डोळ्यावर दोन चष्मे आले. सुरुवातीला सांगितलेली गुलाबी झाक पुष्कळदा यातूनच येते. उलटही होतं. सॉफ्टवेअरला वाटतं ड्रायव्हर करेल, ड्रायव्हरला वाटतं रिप करेल, आणि रिपमध्ये कुणीतरी दुरुस्ती बंद करून ठेवलेली असते. मग मुळातले आकडे जसेच्या तसे कागदावर जातात.

दोष कुठे आहे हे शोधायला एक साधी तपासणी पुरते. एकच पीडीएफ दोन कॉम्प्युटरवरून, त्याच कागदावर, लागोपाठ छापा. ठसे वेगळे आले तर घोळ त्या दोन कॉम्प्युटरपैकी एकात आहे. दोन्ही सारखेच पण चुकीचे आले, तर तीच पीडीएफ थेट रिपमध्ये टाकून काढा. तरीही चूक तीच राहिली तर कॉम्प्युटरमध्ये शोधत बसू नका; कागदाची नोंद किंवा तिला जोडलेलं प्रोफाइल चुकलेलं आहे. रंगाचे आकडे हातानं फिरवायला घेण्याआधी ही तीन पानं काढायलाच हवीत.

## मग रंग बदलायचं काम कुणाकडे द्यायचं?

कुणाकडेही द्या, पण एकाकडेच. बाकीच्यांना स्पष्टपणे बंद करा.

एकटा फोटोग्राफर, एक इंकजेट आणि दोनतीन कागद असतील तर फोटोशॉपकडे देणं सोपं. प्रिंटच्या खिडकीत रंगांची जबाबदारी फोटोशॉपकडे ठेवायची, कागदाचं प्रोफाइल निवडायचं आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करायची. अनेक लोक छापणार असतील तर माझा कौल निःसंशय रिपला किंवा सर्व्हरला. प्रोफाइल एकाच जागी राहतं, बदललं तर सगळ्यांसाठी एकदम बदलतं, आणि नवा ऑपरेटर आला तरी त्याच्या कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नाही. फायरीसारख्या रिपमध्ये पेपर कॅटलॉगमधल्या प्रत्येक कागदाला त्याचं प्रोफाइल जोडून ठेवता येतं. ऑपरेटरनं फक्त कागद निवडायचा, प्रोफाइल मागोमाग येतं.

यासाठी फाइल मात्र प्रामाणिक हवी. फोटोत त्याचं मूळ प्रोफाइल जोडलेलं असलं पाहिजे. नाहीतर आकडे कोणत्या भाषेतले आहेत हे रिपला कळणार कसं? मोबाइलवरचे आणि इंटरनेटवरचे फोटो बहुधा एसआरजीबीमध्ये असतात. ही रंगव्यवस्था एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडली. फाइल रिपकडे देताना पीडीएफ-एक्स-४ हा प्रकार सोयीचा आहे, कारण त्यात प्रत्येक चित्राचं प्रोफाइल शाबूत राहतं. जुन्या पीडीएफ-एक्स-१ए मध्ये सगळं आधीच छपाईच्या शायांत बदलून द्यावं लागतं. म्हणजे कागद ठरायच्या आधीच कागदाचा निर्णय होऊन बसतो.

रिप नसेल, नुसता विंडोज सर्व्हर असेल, तर एक सोपी युक्ती आहे. विंडोजमध्ये प्रोफाइल मुख्यतः प्रिंटरच्या नावाला जोडलेलं असतं, आणि एका नावामागे एकच प्रोफाइल ठरावीक म्हणून लागतं. म्हणून एकाच मशिनच्या तीन क्यू, म्हणजे प्रिंटरच्या यादीतल्या तीन वेगळ्या नोंदी, बनवायच्या. एकीचं नाव 'आर्ट कार्ड ३०० ग्लॉस', दुसरीचं 'मॅपलिथो १००', तिसरीचं 'टेक्श्चर २५०'. प्रत्येकीत कागद, ट्रे आणि प्रोफाइल आधीच बसवलेलं. छापणाऱ्याला सेटिंगच्या खिडकीत जावंच लागत नाही. एक सावधगिरी बाळगावी लागते: विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये 'या उपकरणासाठी माझी सेटिंग वापरा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की ती निवड फक्त त्या लॉगिनपुरती राहते. सकाळच्या पाळीत रंग बरोबर आणि दुपारच्या पाळीत चूक, याचं कारण अनेकदा हा चौकोनच असतो.

लिनक्सवर आणि मॅकवर छपाई सांभाळणारी कप्स ही यंत्रणा याबाबत जास्त समजूतदार आहे. तिच्या जुन्या, पीपीडी (प्रिंटरच्या सोयींचं वर्णन करणारी) फाइलवर चालणाऱ्या पद्धतीत प्रोफाइल निवडताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: रंगाची पद्धत, कागदाचा प्रकार आणि रिझोल्यूशन. कागद बदलला की प्रोफाइल बदलायला हवं, हे तिथे रचनेतच मान्य केलेलं आहे.

## 'सर्व्हरवर प्रोफाइल टाकलं, पण बाकीच्यांना मिळतच नाही'

ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली, आणि तिच्यामागे सुरक्षेचं खरं कारण आहे. २०२१ च्या जून-जुलैत विंडोजच्या छपाईव्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावानं गाजलेलं भगदाड उघड झालं. छपाईच्या वाटेनं कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. सर्व्हरवरच्या क्यूसोबत कॉम्प्युटरवर आपोआप उतरणाऱ्या फाइल हाही त्याच कुळातला धोका होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं त्या फाइलींवर नियंत्रण आणलं. प्रशासकाला तीन पर्याय आहेत: काहीच उतरू द्यायचं नाही, फक्त कलर प्रोफाइल उतरू द्यायची, किंवा सगळं.

मधला पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे, कारण प्रोफाइल हा प्रोग्राम नसून तक्ता आहे आणि तो हाताळायला विंडोजचाच भाग वापरला जातो. आयटीवाल्यांनी भीतीपोटी पहिला पर्याय निवडला की डिझाइनरच्या कॉम्प्युटरवर प्रोफाइल पोचत नाही, रंग बिघडतात, आणि डिझाइनर प्रिंटरवाल्याला दोष देत बसतो. सगळं उघडं ठेवणं मात्र खरोखर धोक्याचं आहे. तेव्हा 'फक्त कलर प्रोफाइल' हा पर्याय आहे, हे आपल्या आयटीवाल्यांना दाखवून द्या.

## 'माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय'

स्क्रीन प्रकाश बाहेर टाकते, कागद आलेला प्रकाश परत पाठवतो. स्क्रीनवरचे काही रंग चार शायांच्या आवाक्यातच नाहीत. पैठणीचा झळाळता पोपटी मोबाइलवर जसा दिसतो तसा छापता येत नाही, आणि स्क्रीनवरचा शुद्ध निळा कागदावर जांभळट होतो. ते प्रोफाइलचंही अपयश नाही, कारण जो रंग त्या शायांत नाहीच तो कुठून आणणार?

आवाक्याबाहेरच्या रंगांचं काय करायचं हे प्रोफाइलच्या चार पर्यायांतून ठरतं, त्यांतले दोन रोज लागतात. 'पर्सेप्च्युअल' सगळेच रंग थोडे थोडे आत ओढतो, म्हणून एकमेकांशी असलेलं नातं टिकतं. फोटोंना हे बरं. 'रिलेटिव्ह कलरीमेट्रिक' आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवतो आणि बाहेरचे तेवढे कडेला आणून बसवतो. लोगो आणि ठरलेल्या रंगांना हे योग्य.

शिवाय ठसा कोणत्या उजेडात पाहता, यावरही निकाल फिरतो. प्रोफाइलची सगळी गणितं ५००० केल्विनच्या जवळच्या प्रकाशावर मांडलेली असतात. दुकानातल्या ट्यूब बहुधा ६५०० केल्विनच्या, जास्त निळसर असतात. गिऱ्हाईक पत्रिका घेऊन दारात उजेडात जातं ते अगदी योग्य करतं.

## 'काळी अक्षरं कडेनं रंगीत का दिसतात?'

मराठी मजकूर छापणाऱ्यांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त सतावतो. स्क्रीनच्या पद्धतीतला काळा, म्हणजे तिन्ही आकडे शून्य, प्रोफाइलमधून गेला की चारही शायांचा काळा बनतो. फोटोत तो छान खोल दिसतो. पण अक्षर चार थरांत छापलं आणि एखादा थर केसाएवढा सरकला, की वेलांटीच्या वळणाला लालसर किनार येते, अनुस्वाराचा ठिपका दुहेरी दिसतो, रफाराची टोकं फुटतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षरांच्या खाली इतकी बारीक कामं असतात, की लहान टाइपात हे लगेच खुपतं.

उपाय असा की मजकूर फक्त काळ्या शाईत जावा. डिझाइन करतानाच अक्षरांना ब्लॅक १०० आणि बाकी तिन्ही शून्य द्यायचं, आणि रिपमध्ये मजकुराचा शुद्ध काळा राखायची सेटिंग चालू ठेवायची. फोटोशॉपमध्ये चित्र सपाट करून त्यात मजकूर विरघळवला असेल तर रिपला अक्षर कोणतं आणि चित्र कोणतं हे कळत नाही. त्यामुळे दिवाळी अंकाची पानं असोत की पत्रिका, मजकूर मजकूर म्हणूनच पुढे पाठवा.

## 'प्रत्येक कागदाला वेगळं प्रोफाइल? कुणाला परवडणार?'

प्रत्येकाला लागत नाही. ग्लॉस आर्ट, मॅट आर्ट, मॅपलिथोसारखे बिनलेपाचे, आणि टेक्श्चर किंवा रंगीत झाक असलेले, अशी चार घराणी करा. एका घराण्यातल्या १३० आणि १७० जीएसएमच्या कागदांना प्रोफाइल एक चालतं, पण कागदाची नोंद वेगळी हवी, कारण तापमान आणि वेग वेगळे लागतात. तुमचं बहुतांश काम ज्या दोन कागदांवर होतं त्यांची प्रोफाइल नीट बनवून घ्या, बाकीचे जवळच्या घराण्यावर चालवा.

कागद कंपन्या प्रोफाइल फुकट देतात, ती वापरायला हरकत नाही. मात्र ती विशिष्ट मॉडेलसाठी, प्रिंटर कंपनीच्या मूळ शाईवर आणि विशिष्ट पेपर टाइप निवडून बनवलेली असतात. सोबतच्या माहितीपत्रकात तो पेपर टाइप लिहिलेला असतो आणि तोच निवडावा लागतो. भरलेली किंवा दुसऱ्या कंपनीची शाई असेल तर त्या प्रोफाइलचा आधार गेला. स्वतः बनवायचं तर आर्गिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. खर्च मोजणाऱ्या उपकरणाचा. ते चारपाच दुकानांनी मिळून घेतलं तरी काम भागतं, कारण रोज कुणालाच लागत नाही.

## पावसाळा आणि कागद

कोकणात आणि मुंबईत जूनपासून कागद हवेतलं पाणी पितो. ओलसर कागदावर टोनर नीट ओढला जात नाही, रंग फिके आणि ठिपकेदार येतात, कडा वळतात. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात उलट त्रास: कागदांत स्थिर वीज साठते आणि दोन कागद चिकटून एकत्र आत जातात. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर कागद आणि टोनर दोन्ही शांत असतात. एसी परवडत नसेल तर निदान रीम उघडी टाकू नका, उरलेला कागद पुन्हा वेष्टनात गुंडाळा, आणि पावसाळा लागताच नव्यानं कॅलिब्रेट करा. मे महिन्यात बनवलेलं प्रोफाइल तेव्हाच जुलैत उपयोगी पडतं.

## ड्रायव्हर गेले तर या सेटिंगचं काय होणार?

आता सुरुवातीच्या बातमीकडे. ज्या पद्धतीकडे सगळे वळत आहेत तिचं नाव आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. ती नवी नाही; तिचे पहिले दस्तऐवज १९९९ चे आहेत. आयफोनवरून थेट छापायची २०१० पासूनची एअरप्रिंट सोय याच पायावर उभी आहे. या पद्धतीत कॉम्प्युटर प्रिंटरलाच विचारतो: कोणत्या ट्रेमध्ये कोणता कागद आहे, कोणते आकार चालतात, रंग आहे का? प्रिंटर जे सांगेल ते यादीत दिसतं.

याचा अर्थ, कागदाची खरी नोंद आता प्रिंटरमध्ये किंवा रिपमध्येच असली पाहिजे. एखाद्या टेबलावरच्या ड्रायव्हरमध्ये जपलेली खास सेटिंग तो ड्रायव्हर बदलताच नाहीशी होईल. सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये कंपनीच्या ड्रायव्हरइतके बारीक पर्याय असतीलच असं नाही, म्हणून रंगाचं काम तिथे ठेवणं आणखीच धोक्याचं. प्रिंटर कंपन्या आपले ड्रायव्हर स्वतःच्या संकेतस्थळावरून देऊ शकतात, त्यामुळे मोठ्या मशिनवाल्यांनी लगेच घाबरायचं कारण नाही. पण अजून वेळ आहे तोवर प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, प्रोफाइलच्या फाइल एका फोल्डरात जमवा, आणि एकेक कागद प्रिंटरच्या किंवा रिपच्या यादीत खऱ्या जीएसएमसह नोंदवायला घ्या. सुरुवात सगळ्यात जास्त खपणाऱ्या कागदापासून करा.